शिकारीची दुर्बीण, शिकार न करणाऱ्यासाठी

आधीच सांगून टाकतो, मी शिकार करत नाही, बंदूक कधी हातात धरलेली नाही. पण जनावरं बघायचं वेड आहे, आणि जनावरं बघायची तर पहाटे झुंजूमुंजू होताना नाहीतर सूर्य बुडाल्यावर, कारण हरीण काय, रानडुक्कर काय, कोल्हा काय, उघड्यावर येतात ते त्याच वेळी. शिकाऱ्यांची वेळही तीच. म्हणून दुर्बीण घ्यायची ठरली तेव्हा पक्षी बघणारे काय म्हणतात त्यापेक्षा शिकारी काय म्हणतात ते मी जास्त वाचलं. पक्षीवाले रंग कसे दिसतात, दोन मीटरवरचं फुलपाखरू फोकस होतं का यावर भरभरून लिहितात आणि त्यांच्या जागी ते बरोबरच आहे, पण उजेड कमी व्हायला लागला की कुठली दुर्बीण आधी नांगी टाकते हे विचारायचं तर शिकाऱ्यालाच. बजेट म्हणाल तर मधलं. खेळण्यातली नको, आणि सगळी बचत एका दुर्बिणीत घालायची तयारी पण नाही.

शिकारीला जाणारा एक मित्र आहे. त्याला विचारलं कुठली घेऊ, तर म्हणाला, "अरे मॉडेल काय विचारतोस, कुठलीही घे पण संध्याकाळी बघून घे. दुपारी सगळ्याच चांगल्या दिसतात." एवढंच बोलला, पण पुढची सगळी निवड त्या एका सल्ल्यावरच झाली.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात, ८×४२, १०×४२, १०×२५ असे. पहिला म्हणजे किती पट जवळ दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. विकणारे सगळं बोलणं पहिल्या आकड्यावरच करतात, हे बघा बारा पट, हे बघा वीस पट. पण कमी उजेडात बघायचं असेल तर दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागायचं. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. मागच्या भिंगातून उजेडाचा जो गोल बाहेर पडतो तो सव्वापाच मिलिमीटरचा, याला एक्झिट प्युपिल म्हणतात. १०×४२ मध्ये तो ४.२, १०×२५ मध्ये फक्त अडीच, आणि बोटींवर वापरतात त्या ७×५० मध्ये सातच्या थोडा वर. आता आपल्या डोळ्याची बाहुली लख्ख उन्हात दोन-तीन मिलिमीटरचीच असते, त्यामुळे दुपारी गोल अडीचचा असो की सातचा, डोळ्यात शिरायचा तेवढाच उजेड शिरतो, फरक कळायचं कारणच नाही. अंधार पडायला लागला की बाहुली पसरते, तरुणपणी सातपर्यंत जाते, वय वाढेल तशी कमी पसरते, पन्नाशीच्या पुढे बऱ्याच जणांची पाचच्या आसपासच थांबते. म्हणजे छोट्या खिशातल्या दुर्बिणीत अडीचचा गोल येणार आणि डोळा पाचचा उजेड मागणार, मग चित्र काळपट दिसणारच. मित्र दुपारी नको का म्हणत होता ते या गणितात आहे.

उलट बाजूने पण हेच. माझी बाहुली पाचच्या वर फारशी जात नसेल तर सातच्या गोलातला जास्तीचा उजेड बुबुळावर पडून वायाच जाणार. काही शिकारी मचाणावर रात्र होईपर्यंत बसतात आणि ८×५६ सारखी धूड वापरतात, त्यांचं बरोबर आहे, एका जागी बसायचं असतं, पण ती किलोभराच्या पुढे जाते आणि मला चालायचं असतं. त्यामुळे पाचच्या आसपासचा गोल आणि सातशे ग्रॅमच्या आसपास वजन हे ठरवून टाकलं, आणि मग ८×४२ आपोआपच समोर आली.

मधे ट्वायलाइट फॅक्टर नावाचा एक आकडा भेटला. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करायचा आणि त्याचं वर्गमूळ काढायचं. ८×४२ चा १८.३ येतो, १०×४२ चा २०.५. जास्त म्हणजे संध्याकाळी जास्त तपशील दिसणार असं सांगतात, आणि त्यात थोडं तथ्य आहे, मोठं दिसलं की अंधुक उजेडातही ओळखायला सोपं जातं. पण याच हिशोबाने २०×५० चा ३१.६ येतो, जिचा उजेडाचा गोल अडीचचा आहे! शिवाय काच रद्दी आहे की उत्तम, तिच्यावर कोटिंग, म्हणजे परावर्तन कमी करणारा पातळ थर, आहे की नाही, यातलं या आकड्याला काहीच माहीत नसतं. जाहिरातीत हा आकडा ठळक छापलेला दिसला की मी पुढे जायचो.

आठ की दहा, हा वाद मात्र खरा आहे. शिकाऱ्यांमध्ये दहावाले बरेच, खास करून जे उघड्या डोंगरउतारावर लांबलांब बघतात ते. मी दोन्ही हातात घेऊन बघितल्या. दहामध्ये जनावर मोठं दिसतं हे खरं, पण हाताची थरथर पण दहापट होते, आणि चढ चढून दम लागलेला असताना तर छातीचा ठोका न ठोका चित्रात दिसतो. बारा पटीच्या दुर्बिणीत मला विजेच्या खांबावरची पाटी नुसती नाचताना दिसली, तीच पाटी आठमध्ये वाचता आली. दुसरं म्हणजे दिसणारा पट्टा. चांगल्या ८×४२ मध्ये १००० मीटरवर साधारण १३० मीटर रुंदीचा भाग दिसतो, दहामध्ये तो ११० च्या आसपास येतो. ऐकायला फार फरक वाटत नाही, पण झाडीतून पळणारं जनावर दुर्बिणीत पकडायचं असतं तेव्हा तो फरक जाणवतो, डोळ्याला दिसलं म्हणून दुर्बीण लावेपर्यंत ते पट्ट्याच्या बाहेर. दाट झाडीत जाणाऱ्याने आठच घ्यावी, माझं मत झालंय.

झूमवाल्यांबद्दल दोन शब्द, कारण त्या दिसायला फार आकर्षक असतात, ८ ते २४ पट वगैरे. त्यात हलणारे भाग जास्त, त्यामुळे दोन्ही नळ्या एकमेकींशी जुळलेल्या राहणं अवघड, आणि कमी पटीवर बघितलं तर नळकांड्यातून बघितल्यासारखा इवलासा पट्टा. लाल चकाकणाऱ्या भिंगाच्या पण घेऊ नका, ते कोटिंग लाल प्रकाश परत फेकतं म्हणून लाल दिसतं आणि आत मग सगळं हिरवट निळसर. तपकिरी जनावर तपकिरी पाचोळ्यात शोधायचंय आणि त्यातला लालच काढून टाकायचा, याला काय अर्थ आहे. फोकसचं चाक नसलेल्या असतात त्या पण तशाच, जवळचं काही धड दिसत नाही.

मग आलं आतलं सामान, आणि माझ्या मते पैसा वसूल होतो की नाही ते इथे ठरतं. आत प्रिझम असतात, म्हणजे उलटं पडणारं चित्र सरळ करणारे काचेचे तुकडे, आणि त्यांच्या मांडणीवरून दोन प्रकार होतात. पोरो प्रिझमची, म्हणजे जुन्या सिनेमात दिसते ती, पुढची भिंगं लांब लांब आणि मागची जवळ. आणि रूफ प्रिझमची, सरळ दोन नळ्या. पोरो हे नाव इग्नाझिओ पोरो या इटालियन माणसाचं, त्याने १८५४ मध्ये या मांडणीचं पेटंट घेतलं, आणि झाइस कंपनीने १८९४ मध्ये ती वापरून दुर्बिणी बाजारात आणल्या. इतकी जुनी मांडणी, पण अजून टिकून आहे त्याला कारण आहे. पोरोमध्ये प्रिझमच्या आत उजेड पूर्ण परावर्तित होतो, कुठेही आरशाचा थर द्यावा लागत नाही. रूफमध्ये जी मांडणी सगळ्यात जास्त चालते तिच्यात एका पृष्ठभागावर आरशासारखा थर द्यावाच लागतो, तो ॲल्युमिनियमचा असेल तर तिथे दहा टक्क्यांच्या आसपास उजेड जातो, चांदीचा असेल तर कमी, आणि डायइलेक्ट्रिक थर, म्हणजे धातूऐवजी पारदर्शक पदार्थांचे पातळ थर एकावर एक, असेल तर ९९ टक्क्यांच्या वर उजेड पुढे जातो. शिवाय रूफमध्ये उजेड छपरासारख्या कडेवर दोन भागात फुटतो आणि परत जुळताना थोडा बिनसतो, त्याने चित्राची धार जाते. त्यावर फेज कोटिंग हा उपाय, तो झाइसनेच १९८८ मध्ये आणला. तेव्हा ते फक्त एकदम वरच्या दुर्बिणीत मिळायचं, आज मधल्या किमतीच्या बऱ्याच रूफ दुर्बिणींत फेज कोटिंग असतं आणि डायइलेक्ट्रिक पण असतं. काल जे श्रीमंतांचं होतं ते आज आपल्या आवाक्यात आलंय, तर तेच मागून घ्यायचं, पट वाढवण्यात पैसा घालवायचा नाही, हा माझा हिशोब.

यातून सरळ निघतं की ज्याचं बजेट खरंच कमी आहे त्याने रूफच्या नादी लागू नये. स्वस्त रूफमध्ये हे दोन्ही थर गाळलेले असतात आणि मग ती दिसायला सडपातळ पण बघायला मातकट. तेवढ्याच पैशात पोरो ८×४० घेतली तर चित्र जास्त उजळ, जास्त खोलीचं. तोटा एवढाच की आकाराने ऐसपैस असते आणि बहुतेक पोरोंमध्ये फोकस करताना मागची भिंगं बाहेरून पुढेमागे सरकतात, तिथून ओल आणि धूळ आत जाऊ शकते. मी पावसापाण्यात आणि दवात फिरतो म्हणून रूफ घेतली, नाहीतर पोरोच घेतली असती.

भिंगांवरच्या कोटिंगचं गणित पण बघण्यासारखं आहे. नुसत्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण चार टक्के उजेड परत जातो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले तर एक तृतीयांश उजेड वाटेतच संपला. झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काचेवर पातळ थर चढवून हे परावर्तन कमी करायची पद्धत काढली, आता तर असे अनेक थर एकावर एक देतात. खोक्यावर काय लिहिलंय ते नीट वाचायचं, कारण नुसतं कोटेड म्हणजे कुठल्यातरी पृष्ठभागावर एक थर, मल्टिकोटेड म्हणजे काही पृष्ठभागांवर अनेक थर, आणि फुली मल्टिकोटेड म्हणजे हवेला लागणाऱ्या सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थर. आपल्याला शेवटचं हवं. ईडी, म्हणजे रंग कमी फाकवणारी खास काच असेल तर उजळ आभाळासमोरच्या काळ्या फांदीला जी जांभळी-हिरवी किनार दिसते ती कमी होते, असली तर छानच, पण पैसे कमी पडत असतील तर मी ईडी सोडेन, फेज कोटिंग सोडणार नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर प्रत्यक्ष बघायला गेलो, आणि मुद्दाम दिवस कलल्यावर गेलो, दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये न बघता बाहेर येऊन बघू देता का विचारलं. देतात, मागायला लाजायचं नाही. आधी दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे केली (सूर्याकडे चुकूनही नाही) आणि मागच्या भिंगांतले ते दोन उजेडाचे गोल बघितले. चांगल्या दुर्बिणीत ते स्वच्छ वाटोळे असतात. एका स्वस्त दुर्बिणीत ते कडांना करडे कापलेले, जवळजवळ चौकोनी दिसत होते, म्हणजे प्रिझमला हलकी काच, बीके-७. बॅक-४ काचेत कडा कापल्या जात नाहीत, गोल पूर्ण येतो. खोक्यावर काहीही छापलेलं असो, ही तपासणी फुकट आहे आणि अर्ध्या मिनिटात होते.

दुसरी तपासणी दोन नळ्या जुळलेल्या आहेत का याची. लांबची एखादी आडवी तार नाहीतर छपराची कड फोकस करायची आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यापासून मागे न्यायची. तार एकच दिसत राहिली तर ठीक, एक वर एक खाली अशा दोन झाल्या तर नळ्या वाकड्या. मेंदू हुशार असतो, थोडा वाकडेपणा तो सांभाळून घेतो आणि मग तासाभराने डोकं दुखतं आणि आपल्याला वाटतं चष्म्याचा नंबर वाढला. एका ठिकाणी नव्याकोऱ्या दुर्बिणीत सरळ दोन तारा दिसल्या, विकणाऱ्याला दाखवलं तर म्हणाला डोळ्यांना सवय होईल. म्हटलं डोळ्यांना होईल, मला नाही व्हायची. एकाच मॉडेलचे दोन नग असतील तर दोन्ही बघा, स्वस्त-मधल्या मालात नगानगात फरक असतो.

मला चष्मा आहे, त्यामुळे आय रिलीफ हा आकडा माझ्यासाठी बाकी सगळ्याच्या आधी. मागच्या भिंगापासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं तो हा आकडा, चष्मेवाल्याला साधारण १६ मिलिमीटरच्या पुढे पाहिजे. आयकप, म्हणजे मागच्या भिंगाभोवतीची रबरी कडी, पूर्ण आत फिरवून, चष्मा लावून, गोलाच्या चारी कडा दिसतात का बघायचं. एक दुर्बीण बाकी सगळ्यात पास होती पण कडा दिसेनात, नुसतं मधलं वर्तुळ, ती तिथेच ठेवली.

आणि मग खरी परीक्षा. हातात तीन दुर्बिणी, एक १०×२५, एक स्वस्त ८×४२ आणि एक फेज कोटिंगवाली ८×४२. समोर कुंपणाच्या बुडाशी दाट सावली आणि त्यात एक मांजर बसलेलं, नुसत्या डोळ्यांना काहीतरी आहे इतपतच. उजेड असेपर्यंत तिन्हीत दिसत होतं. सूर्य बुडाला, थोडा वेळ गेला, आणि १०×२५ मध्ये मांजराचा नुसता काळा गोळा झाला. स्वस्तवालीत मांजर आहे हे कळत होतं पण मागच्या उजळ आभाळाची झाक चित्रावर पसरून सगळं धुरकट. तिसरीत त्याचे कान कुठल्या बाजूला वळलेत ते दिसत होतं, आणि एक कान मधेच मागे फिरला तो पण दिसला. दोन ८×४२, दोन्हींवर आकडे तेच, वजन जवळपास तेच. मी तिसरी बांधून घेतली.

घेतल्यावर आधी ती आपल्या डोळ्यांना लावून घ्यायची, बरेच जण हे करतच नाहीत. मधला सांधा हलवून दोन गोलांचा एक गोल होईपर्यंत नळ्या जवळ-लांब करायच्या. मग उजव्या बाजूचं पुढचं भिंग झाकून डाव्या डोळ्याने लांबची वस्तू मधल्या चाकाने स्पष्ट करायची, मग डावं झाकायचं आणि चाकाला हात न लावता उजव्या आयपीसवरची, म्हणजे मागच्या भिंगावरची, डायॉप्टरची रिंग (दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक जुळवणारी) फिरवून तीच वस्तू स्पष्ट करायची. ती खूण लक्षात ठेवायची, पुढे फक्त चाक. गळ्यातला पट्टा मात्र लगेच काढून टाकला, सातशे ग्रॅम मानेवर दिवसभर म्हणजे शिक्षाच, त्याऐवजी पाठीवरून खांद्यांवर येणारा हार्नेस लावला, वजन खांद्यांवर आणि चालताना पोटावर आपटत पण नाही.

वापरायचं कसं हे पण मित्राकडूनच. उभं राहून सगळीकडे दुर्बीण गरागरा फिरवत बसायचं नाही. खाली बसायचं, कोपर गुडघ्यांवर टेकवायचे, समोरच्या झाडीचे मनात तुकडे पाडायचे आणि एकेका तुकड्यावर थांबायचं. जंगलात बहुतेक रेषा उभ्या असतात, बुंधे, फांद्या, बांबू, जनावराची पाठ मात्र आडवी असते, म्हणून आडवी रेषा शोधायची. आख्खं हरीण शोधलं तर सापडत नाही, कान शोधायचा, ओल्या नाकाची चकाकी शोधायची. आणि फोकसचं चाक हळूच पुढे पुढे नेत गेलं की जवळच्या काड्याकुड्या विरघळतात आणि त्यांच्या मागचं दिसायला लागतं, हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी चांगलाच खूश झालो होतो. बाय द वे, शिकाऱ्यांना बंदुकीवर दुर्बीण असताना हातातली वेगळी कशाला लागते असं मला वाटायचं, ते त्याने एका झटक्यात सांगितलं, "बंदुकीवरच्या दुर्बिणीतून ज्याच्याकडे बघशील त्याच्यावर बंदूक रोखलेली असते. झुडपामागे माणूस निघाला तर?"

जपणुकीचं थोडक्यात सांगतो. वॉटरप्रूफ दुर्बिणीत आत बहुधा नायट्रोजन भरलेला असतो त्यामुळे आतून धुकं धरत नाही, बाहेरून धरतंच, गरम श्वास गार काचेवर पडला की झालं. तेव्हा पुसायचं नाही, डोळ्यापासून थोडी लांब धरायची, आपोआप जातं. धूळ बसली तर आधी फुंकणी, मग मऊ ब्रश, आणि सगळ्यात शेवटी लेन्सचं कापड. शर्टाच्या टोकाने पुसणाऱ्यांच्या हातात मी माझी देत नाही.

मध्यंतरी मित्राची दुर्बीण आणि माझी शेजारी शेजारी लावून बघितल्या. त्याची एकदम वरच्या दर्जाची, माझ्या कितीतरी पट किमतीची. भर दिवसा मधोमध बघितलं तर मला फरक सांगता आला नाही. कडांना त्याची शेवटपर्यंत धारदार, माझी थोडी मऊ पडते. आणि अंधार पडताना माझी थांबली त्यानंतरही त्याचीत थोडा वेळ दिसत राहिलं, झाडीच्या कडेला उभ्या असलेल्या हरणाला शिंगं आहेत की नाहीत हे तो सांगत होता आणि मला नुसतं हरीण आहे एवढंच. त्या थोड्या वेळासाठी एवढे पैसे? त्याच्यासाठी हो, कारण नर की मादी हे नक्की झाल्याशिवाय त्याला ट्रिगरला बोट लावता येत नाही. मी तोवर पिशवी आवरून निघालो तरी कुणाचं काही बिघडत नाही.